चाळिसावा जॉब

निकाल पडद्यावर उमटला तेव्हा नौशाद मुजावरने खुर्ची मागे सारली आणि दोन्ही हात डोक्यामागे बांधले. मग म्हणाला, "मॅडम, तारीख अगदी नेमकी आली. वेळ मात्र चुकली."

स्वरूपा कोळेकर उठून त्याच्यामागे येऊन उभी राहिली. पडद्यावर दोन नागमोडी रेघा एकमेकींवर चपखल बसल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं: १७ फेब्रुवारी २०२८, दुपारी ३.५२ ते ४.०१.

"पहिली पाळी साडेतीनला सुटायची ना?" नौशाद म्हणाला. "जॉब कार्डावर पहिल्या पाळीच्या माणसाची सही आहे. म्हणजे आपलं यंत्र वीस-बावीस मिनिटांनी तरी चुकतंय. गुरुवारी समितीपुढे हा निकाल ठेवला तर ते पुढचं ऐकूनसुद्धा घेणार नाहीत."

यंत्र चुकलेलं नव्हतं. त्या दिवशी तीन बावन्नला त्या मशीनसमोर कोण उभं होतं हे स्वरूपाला ठाऊक होतं. ते ठाऊक असलेली माणसं जगात दोनच होती, आणि दुसऱ्या माणसाशी ती बारा वर्षं बोललेली नव्हती.

स्वरूपा कागलच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेची प्रमुख होती. प्रयोगशाळेचं सरकारी नाव लांबलचक होतं, पण आसपासच्या कारखान्यांतले कामगार तिला 'जबानीघर' म्हणायचे. कुठे काही तुटलं, कुणाचा हात गेला, की तो तुटका भाग इथे यायचा आणि इथे त्याची जबानी घेतली जायची.

त्यातली कल्पना तशी अवघड नव्हती. लोखंडाच्या ठोकळ्यात खोल खाच पाडायची असली तर मिलिंग मशीन ती एका दमात पाडत नाही. फिरणारा कटर आधी चार मिलिमीटर खोल उतरतो, तेवढ्या खोलीवर सगळी खाच फिरून येतो, मग आणखी चार उतरतो आणि पुन्हा फिरतो. चोवीस मिलिमीटर खोल जायचं तर अशा सहा पायऱ्या. घाईने एकदम खोल घेतलं तर कटर वाकतो, थरथरतो, लोखंड तापतं, आणि खाचेच्या तळाच्या कोपऱ्यात डोळ्यांना न दिसणारा ताण कायमचा बसून राहतो. शेवटी भिंतींवरून एक हलका हात फिरवला की पायऱ्यांच्या खुणा पुसल्या जातात आणि खाच चकचकीत होते. ती किती पायऱ्यांत कापली हे मग कुणाला कळत नाही.

निदान पूर्वी कळत नव्हतं. वहीच्या वरच्या पानावर जोर देऊन लिहिलं आणि ते पान फाडून टाकलं, तरी खालच्या पानावर अक्षरं उमटलेली असतात. धातूचंही तसंच आहे. कटरचा प्रत्येक दात वरचा थर सोलतो तेव्हा खालच्या थरातले स्फटिक किंचित वाकतात आणि वाकलेलेच राहतात. स्वरूपाच्या यंत्रातले क्ष-किरण ते वाकलेले स्फटिक ओळीने वाचत जायचे. कटर किती खोल गेला, कुठे थरथरला, कुठे अडला, सगळं त्यात होतं.

हे सहा वर्षांपूर्वीच साधलं होतं. नवी गोष्ट होती ती वेळ सांगण्याची, आणि ती नौशादच्या डोक्यातून निघाली होती. वीज सेकंदाला पन्नास झोके घेते असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात ती कधी पन्नासाच्या कणभर खाली असते, कधी कणभर वर. कुठे मोठी भट्टी पेटली, कुठे ढग आले आणि सौरवीज घटली, की साऱ्या देशाची वीज एकाच वेळी जराशी मंदावते. हे चढउतार दर सेकंदाला नोंदवून ठेवलेले असतात, आणि दहा मिनिटांचा कुठलाही तुकडा घेतला तरी त्याच्यासारखा दुसरा सापडत नाही. विजेची ही थरथर मशीनमधून कटरमध्ये उतरते आणि कटरमधून लोखंडात. ती वाचायची, विजेच्या जुन्या नोंदींशी जुळवायची, की तुकडा कुठल्या दिवशी, कुठल्या मिनिटाला कापला ते समोर येतं.

समितीने ही पद्धत मान्य केली तर ती कोर्टात पुरावा म्हणून चालणार होती. तीन खटले त्याचीच वाट बघत थांबले होते. मान्यतेसाठी एक जुना तुकडा हवा होता, ज्याचा सगळा इतिहास आधीच कागदोपत्री पक्का आहे असा. तो स्वरूपानेच निवडला होता. मळाईच्या डोंगरावरच्या रोपवेची तुटलेली पकड. पाळणा दोराला धरून ठेवणारा, तळहातात मावेल एवढा पोलादी जबडा.

कागदपत्रं पूर्ण आहेत म्हणून निवडला, असं तिने नौशादला सांगितलं होतं. मनातली गोष्ट वेगळी होती. यंत्र सांगेल की पोलादच मुळात खराब होतं, भूपालमामांचा दोष नव्हता, अशी तिला आशा होती. त्यात तिच्या स्वतःसाठीही काही होतं का, हा विचार तिने कधी पुरता केला नव्हता.

भूपाल मगदूम शिरोलीच्या एका कारखान्यात मशीनवर होते. सगळे त्यांना मामा म्हणायचे. स्वरूपा आयटीआय करून तिथे लागली तेव्हा तिचं वय बावीस. मशीनवर पोरगी आली म्हणून बाकीचे जरा दुरूनच बघायचे. मामांनी मात्र तिला पहिल्याच आठवड्यात मशीनजवळ उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि नुसत्या आवाजावरून कटर कितव्या पायरीवर आहे ते ओळखायला सांगितलं. तिला महिनाभर जमलं नाही. जमलं त्या दिवशी मामांनी घरून आणलेल्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू तिला दिला आणि दुसऱ्या दिवसापासून अवघड जॉब तिच्याकडे द्यायला लागले.

रोपवेच्या पकडींचा लॉट चाळीस नगांचा होता; मशीनवर येणाऱ्या प्रत्येक नगाला तिथे जॉब म्हणत. त्या गुरुवारी साडेतीनचा भोंगा वाजला तेव्हा एकोणचाळीस झाले होते आणि चाळिसावा ठोकळा मशीनवर बांधून तयार होता. फाटकाबाहेर जयसिंगपूरकडे जाणारी कंपनीची बस उभी होती.

"मामा, तुम्ही जा," दुसऱ्या पाळीसाठी आलेली स्वरूपा म्हणाली. "एवढा एक मी काढते. बस चुकेल."

"चारच्या वर घेऊ नको," मामा म्हणाले, जॉब कार्डावर चाळीस लिहून त्यांनी सही केली आणि ते गेले.

सकाळी एक विक्रेता नव्या जातीचा कटर नमुना म्हणून ठेवून गेला होता. दुप्पट खोल घेतला तरी दमत नाही, असं तो सांगत होता म्हणे. एकच जॉब होता. बघायला काय हरकत आहे, असं स्वरूपाला वाटलं. तिने प्रोग्राममध्ये चारचे आठ केले. पहिली पायरी बरी गेली. दुसऱ्या पायरीला पत्र्यावरून भरलेलं पोतं ओढावं तसा आवाज यायला लागला. तिने वेगाची खुंटी क्षणभर मागे घेतली. आवाज थांबला नाही. लाल बटणाजवळ हात नेऊन ती उभी राहिली, आणि बटण तिने दाबलं नाही. जॉब निघाला. माप घेतलं, माप बरोबर होतं. तिने आठचे पुन्हा चार केले, कटर डब्यात घातला आणि जॉब मामांच्या ट्रेमध्ये चाळिसाव्या जागी ठेवून दिला.

चौदा महिन्यांनी ती पकड तुटली. पाळणा कलंडला. मुरगूडकडच्या एक शिक्षिका गेल्या, दोघांचे पाय मोडले. तज्ज्ञांनी चीर बघून सांगितलं की जॉब कापताना जास्त खोल घेतलं गेलंय. मशीनची स्वतःची नोंद तीन महिन्यांपलीकडे राहत नव्हती. पकडींवर क्रमांक नव्हते, त्यामुळे तुटलेली कितवी हे कळायला मार्ग नव्हता. उरलं होतं फक्त जॉब कार्ड.

चौकशीत मामा एकच वाक्य सांगत राहिले. मी चारच्या वर घेतलेलं नाही.

"चाळीसही जॉब तुमचेच?" चौकशी करणाऱ्या साहेबांनी विचारलं.

मामा जरा थांबले. "होय. माझेच."

दोन खुर्च्या सोडून स्वरूपा बसली होती. तिला फक्त दुसऱ्या पाळीत मशीन ठीक चालत होतं का, एवढंच विचारलं गेलं. ठीक होतं, असं तिने सांगितलं. मनात तिने हिशेब केला, चाळिसातला एक, आणि त्याचंही माप बरोबर होतं. त्या रात्री तो हिशेब होता. पुढच्या काही महिन्यांत, तुटला तो आपला नव्हेच, असा त्याचा विश्वास झाला. मामांची नोकरी गेली, खटला चार वर्षं चालला, शेवटी संशयाचा फायदा मिळाला. तोवर स्वरूपाने तो कारखाना सोडला होता. ती पुढे शिकत गेली, धातूंच्या मागे लागली आणि हे यंत्र तिच्या हातून उभं राहिलं. मामांचं गाव नांदणी, कागलपासून तास-दीड तासाच्या अंतरावर. तिथे ती कधी गेली नाही.

"हा नमुना सोडून देऊ," नौशाद म्हणत होता. "कारखान्याचं घड्याळ मागे-पुढे असेल, कुणी सांगावं? माझ्याकडे पंपाचा एक भाग आहे, कापतानाचा व्हिडिओसकट. तो घेऊ."

"बघू," स्वरूपा म्हणाली.

नौशाद जेवायला गेल्यावर तिने लोखंडाची रेघ पुन्हा काढली आणि बोटाने हळूहळू पुढे सरकवत नेली. तीन पायऱ्या. दुसरीवर दाट थरथर, आणि त्या थरथरीच्या मधोमध सेकंदभराची एक विसावल्यासारखी जागा. खुंटी तिने मागे घेतली होती ती जागा. हे कुठल्या कागदावर नव्हतं, कुणी तज्ज्ञाने शोधलं नव्हतं. ती बराच वेळ त्या जागेवर बोट ठेवून बसली.

आता गोष्ट साधी होती आणि त्यामुळेच अवघड होती. ती गप्प राहिली तर तिच्या आयुष्यातलं एकमेव खरं काम खोटं ठरणार होतं, किंवा नौशाद म्हणत होता तसं हा तुकडा बाजूला टाकून दुसऱ्या तुकड्यावर खरं ठरणार होतं. दुसरी वाट मऊ होती. त्या वाटेने तिला कुणी काही विचारणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नौशाद पंपाचा भाग घेऊन आला. तिने तो त्याच्या हातातून घेतला आणि टेबलावर ठेवला.

"यंत्र बरोबर आहे, नौशाद. तीन बावन्नला मशीनवर मी होते. आठ-आठचे तीन कट मी घेतले."

नौशाद खाली बसला. मग म्हणाला, "मॅडम, हे मला सांगायला नको होतं."

"का?"

"आता मला कळलंय म्हणून." त्याने चष्मा काढून पुसला. "गुरुवारपर्यंत मी कुणाला काही बोलणार नाही. पण गुरुवारी कुणी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

"तुला बोलावं लागणार नाही. त्याआधी मला एका ठिकाणी जाऊन यायचंय."

नांदणीत विचारत विचारत ती मळ्यात पोचली तेव्हा अकरा वाजले होते. हिरव्या जाळीखाली रोपांचे ट्रे ओळीने मांडलेले होते. टोमॅटो, ढोबळी मिरची, कोबी. मामा एका फळीवर बसून ट्रेच्या खळग्यांत एकेक बी बोटाने दाबत होते. केस पांढरे झाले होते, पण बसायची पद्धत तीच, मान जराशी डावीकडे कललेली.

मामींनी तिला आधी ओळखलं. "स्वरूपा न्हवं? अगं, किती वर्षांनी. बस की." आणि चहा ठेवायला जाताना हसून म्हणाल्या, "बघ, हे अजून हातानंच पेरतात. पेरायचं यंत्र घेऊया म्हणून पोरगा मागं लागलाय. हे यंत्राला हात लावत न्हाईत. घरातला मिक्सरसुद्धा मीच लावते."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि पुन्हा बी दाबायला लागले. स्वरूपाने येताना गाडीत वाक्यं जुळवली होती. ती एकही तिला आठवली नाहीत.

"मामा, तुटलेला जॉब चाळिसावा होता. मी काढलेला."

मामांचा हात थांबला नाही. दोन खळगे, तीन खळगे. ओळ संपली तेव्हा त्यांनी विचारलं, "किती घेतलावतास?"

"आठ."

"आठ," मामा म्हणाले. "कशापायी?"

"नवा कटर होता. बघायचं होतं."

"आवाज आला असंल."

"दुसऱ्या पायरीला आला."

"मग?"

"थांबवलं नाही."

मामांनी बियांची वाटी खाली ठेवली. जाळीतून येणारं ऊन त्यांच्या हातांवर बारीक चौकटीचौकटींनी पडलं होतं. "चाळिसावा तू काढलास ह्याची मला आठवण होती," ते म्हणाले. "साहेबानं विचारलं तवा तोंडावर आलं होतं. म्हटलं, एकोणचाळीस माझे, एक तिचा. एकापायी पोरीला कशाला मधी घ्या. ते मी माझ्या मनानं केलं, त्याचं तुझ्यावर काय न्हाई."

"मामा..."

"थांब. मला बोलू दे. बारा वर्षं मी रोज ते एकोणचाळीस जॉब परत काढतोय. अकराव्याला फोन आला होता, तवा हात चुकला असंल. विसाव्याला कटर बदलला, तवा आकडा चुकला असंल. त्या गेलेल्या बाईंच्या घरी मी दोनदा जाऊन आलो. घरच्यांनी दार उघडलं न्हाई, बरोबरच हाय. पुन्हा मशीनवर बोलावणारे होते, न्हाई असं न्हाई. मीच गेलो न्हाई. माझ्या हातावर माझाच भरवसा राहिला न्हाई." ते थांबले. आवाज चढला नव्हता, उलट खाली आला. "साहेबाला सांगितलं न्हाईस, ऱ्हाऊ दे. कोर्टात सांगितलं न्हाईस, ऱ्हाऊ दे. आठ घेतलं होतं, एवढं मला एकट्याला सांगितलं असतंस तरी चाललं असतं."

मामी कपबशा घेऊन जाळीच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. कप त्यांनी फळीवर ठेवला तो स्वरूपाच्या हाताला पोचणार नाही इतका लांब, आणि त्या आत निघून गेल्या.

मामांनी बियांची वाटी पुन्हा उचलली आणि विचारलं, "बाकीचे जॉब कुठं हायत?"

"अपघातानंतर सगळे उतरवून सील केले होते. कोर्टाच्या गोदामात आहेत. पद्धत मान्य झाली तर आमच्याकडे येतील."

"माझे एकोणचाळीस वाचा. सगळेच्या सगळे. मी येऊन बघणार."

गुरुवारी समितीपुढे स्वरूपाने निकाल ठेवला आणि तीन बावन्नला मशीनवर कोण होतं तेही सांगितलं. मग अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या पद्धतीचा पुरावा तुमचा स्वतःचा गुन्हा आहे?"

"हो," ती म्हणाली.

तिला प्रमुखपदावरून दूर केलं गेलं. फाईल पोलिसांकडे गेली आणि वकिलाने सांगितलं की हे प्रकरण लवकर संपणारं नाही. नौशादला हंगामी प्रमुख केलं. त्याने पंपाचा भाग आणि आणखी अकरा नमुने वाचून दाखवल्यावर दोन महिन्यांनी पद्धत मान्य झाली. बातमी छापून आली त्या दुपारी गेलेल्या शिक्षिकेच्या मुलीचा फोन आला. तिने एकच गोष्ट विचारली, "तेव्हा तुमचं वय किती होतं?"

"बावीस," स्वरूपाने सांगितलं. पलीकडून फोन ठेवला गेला. त्या मुलीचं वय तेव्हा किती असेल, हे विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं.

सील केलेली पेटी जबानीघरात आली तेव्हा एक गोष्ट ठरली. वाचन नौशादने करायचं. स्वरूपाने यंत्राला हात लावायचा नाही, काही अडलं तर सांगण्यापुरतं शेजारी बसायचं.

मामा पहिल्या दिवशी धुतलेला पांढरा सदरा घालून, डबा घेऊन आले. नौशादने आधीच प्रत्येक जॉबची सुरुवातीची वेळ काढून ते क्रमाने लावून ठेवले होते. एक जॉब पुरता वाचायला चाळीस मिनिटं लागायची. पडद्यावर एकेक पायरी उतरताना दिसायची. चार, आठ, बारा, सोळा, वीस, चोवीस, आणि शेजारी वेळ. पहिल्या दिवशी मामा खुर्चीच्या कडेवर बसून होते, दोन्ही हात गुडघ्यांवर. नऊ जॉब झाले, नऊही स्वच्छ. दुसऱ्या दिवशी अकरावा आला तेव्हा ते उठून उभे राहिले. फोन आला होता तो हा. सहा पायऱ्या, कुठे केसभर थरथर नाही. ते खाली बसले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

तिसऱ्या दिवशी ते नौशादला समजावून सांगायला लागले. इथं कटर बदललाय बघ, म्हणून रेघ बारीक झाली. इथं कूलंटचं पाणी कमी पडलं, मी नळी सरळ केली. नौशाद लिहून घेत होता, कारण यातलं बरंचसं त्यालाही ठाऊक नव्हतं. दुपारी मामांनी न विचारता रेघ सरकवायची चकती स्वतः फिरवून पाहिली. स्वरूपा बघत होती. बारा वर्षांत त्यांनी आपणहून यंत्राला हात लावला तो हाच असावा. तिच्याशी ते अजून बोललेले नव्हते. डबा खाताना ते नौशादच्या टेबलावर बसत.

चौथ्या दिवशी सकाळी तेहतिसावा झाला. चौतिसावा लावला. चार, आठ, बारा. मग रेघ थांबली. सात मिनिटं नुसती सपाट जागा. त्यानंतर रेघ पुन्हा सुरू झाली ती एकदम विसावर.

नौशादने पुन्हा वाचून पाहिलं. तेच आलं. चौथी पायरी नव्हतीच. बारावरून वीस, एका दमात आठ.

मामा पडद्याजवळ गेले, वेळ वाचली. एक एकेचाळीसला थांबलं, एक अठ्ठेचाळीसला सुरू झालं.

"लाइट गेली होती," ते सावकाश म्हणाले. "मशीन मधीच थांबलं. लाइट आल्यावर मी प्रोग्राम परत चालू केला तो एक ओळ पुढनं. चौथी पायरी राहिली." त्यांनी हात पडद्यापर्यंत नेला आणि परत घेतला. "आवाज आला असणार. मला आठवत न्हाई. कसं आठवत न्हाई?"

नौशादने कोपऱ्याचं चित्र मोठं केलं. "ताण बसलाय. चीर पडायला लागली नव्हती. अजून वर्ष-दीड वर्ष रोपवेवर राहिला असता तर..."

स्वरूपाला मामांचा चेहरा बघवेना. चार दिवसांत हळूहळू सरळ होत आलेली ती पाठ तिच्या डोळ्यांसमोर होती. ती म्हणाली, "मामा, हा तुटलेला नाही. अपघाताशी याचा काही संबंध नाही. पोलिसांनी आपल्याकडे अहवाल मागितलाय तो तुटलेल्या जॉबचा. बाकीचे तुम्ही बघायला मागितले म्हणून वाचले, ते अहवालात घेतलेच पाहिजेत असं काही नाही."

नौशादने तिच्याकडे पाहिलं आणि नजर वळवली.

मामा वळले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. तिला राग चालला असता.

"परत तेच करतीस?" ते म्हणाले.



"नौशाद, लिही," मामा म्हणाले. "चौतिसावा जॉब, पाच पायऱ्या. वेळ लिही. लाइट गेली होती ते पण लिही, पण ते मागनं. आधी माझं नाव लिही."

नौशाद टाइप करायला लागला. पडद्यावर अक्षरं उमटत गेली: जॉब चाळीस, स्वरूपा कोळेकर. जॉब चौतीस, भूपाल मगदूम. मामांनी पुढे वाकून वाचलं. "भूपाल आप्पासो मगदूम," त्यांनी दुरुस्त केलं. "पुरं लिही. नांदणीत ह्या नावाचे चौघं हायत."

मग ते आपल्या खुर्चीत परत जाऊन बसले, कडेवर नव्हे, नीट टेकून. पेटीत अजून पाच जॉब होते. त्यातही काय निघेल हे कुणाला ठाऊक नव्हतं. मामांनी पेटीकडे पाहिलं आणि मग स्वरूपाकडे.

"पस्तिसावा तू लाव," ते म्हणाले.

तिला हात लावायची परवानगी नव्हती. तिने नौशादकडे पाहिलं. नौशाद यंत्रासमोरून उठला आणि बाजूला झाला.